फ्लॅश, ॲप्लेट, सिल्व्हरलाइटमधला जुना आशय खुल्या वेब मानकांवर कसा आणायचा

१२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअरने स्वतःच फ्लॅश चालवायला नकार दिला. फाइल जागेवर होती, सर्व्हर चालू होता, ब्राउझरही धड होता. पण ॲडोबीने प्लेअरच्या शेवटच्या आवृत्त्यांमध्ये ती तारीख आधीच घालून ठेवली होती. दिवस उजाडला आणि खेळ, धडे, फॉर्म सगळं एकदम बंद. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही फॉर्म तेव्हाही फ्लॅशमध्येच होते. त्यांनी फ्लॅश चालू ठेवणारा स्वतःचा वेगळा ब्राउझरच लोकांना वाटला!

तुमच्याकडे फ्लॅश, जावा ॲप्लेट किंवा सिल्व्हरलाइट अशा प्लगइनमध्ये अडकलेली सिम्युलेशन्स, प्रश्नमंजूषा, प्रशिक्षणाचे धडे किंवा नकाशे असतील, तर ते बाहेर कसे काढायचे ते इथे क्रमाने सांगतो. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टची तोंडओळख आहे असं धरून चाललो आहे. प्रोग्रामर नसाल तरी पहिल्या दोन पायऱ्या तुम्हाला स्वतःला करता येतील, आणि खरं तर त्याच महत्त्वाच्या आहेत.

## गाडी नेमकी कुठे अडली

प्लगइन म्हणजे ब्राउझरबाहेर लिहिलेला स्वतंत्र प्रोग्राम. ब्राउझर त्याला पानावर एक चौकोन देतो आणि बाजूला होतो. नेटस्केपने १९९० च्या दशकाच्या मध्यावर यासाठी एनपीएपीआय नावाची जोडणी काढली, मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हएक्स आणलं. चौकोनाच्या आत काय चाललंय ते ब्राउझरला कळत नाही. आतला मजकूर पानावरच्या शोधात सापडत नाही, अक्षर वाढवता येत नाही. उलट तो प्रोग्राम मात्र तुमच्या संगणकावर जवळपास तुमच्याच अधिकारांनी वावरतो, त्यामुळे त्यातल्या एका त्रुटीतून अख्खा संगणक परक्याच्या हाती जाऊ शकतो. २०१२ मध्ये फ्लॅशबॅक नावाच्या मालवेअरने जावातल्या त्रुटीतून सुमारे ६ लाख मॅक संगणक गाठले होते.

२००७ च्या आयफोनमध्ये फ्लॅशला जागाच नव्हती. २०११ मध्ये ॲडोबीने मोबाइलवरच्या फ्लॅशचं काम थांबवलं. २०१५ मध्ये क्रोम ४५ ने एनपीएपीआय काढलं, २०१७ मध्ये फायरफॉक्स ५२ ने फ्लॅश सोडून बाकी सगळी प्लगइन बंद केली. जावाचं ब्राउझर प्लगइन २०१८ च्या जावा ११ मधून गेलं, ॲडोबीचंच शॉकवेव्ह हे प्लगइन एप्रिल २०१९ मध्ये थांबलं, सिल्व्हरलाइटचा आधार १२ ऑक्टोबर २०२१ ला संपला.

सुरक्षितता हे त्यातलं उघड कारण. पण पुढचं तंत्र निवडताना उपयोगी पडेल असं कारण निराळं आहे. फ्लॅशच्या एसडब्ल्यूएफ फाइलचं स्पेसिफिकेशन बऱ्याच आधीपासून वाचायला मिळत होतं, पण परवान्याची अट अशी होती की ते वाचून फाइल बनवणारं साधन लिहा, फाइल चालवणारा प्लेअर लिहू नका. ही अट २००८ मध्ये उठली, तोवर फार उशीर झाला होता. म्हणजे कागद उघडा होता, पण किल्ली एकाच कंपनीच्या खिशात होती.

याच्या नेमकं उलट उदाहरण वेब एसक्यूएलचं. ब्राउझरमध्येच डेटाबेस ठेवण्याचा हा प्रस्ताव वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या टेबलावर होता, क्रोम आणि सफारीत चालतही होता. पण ज्यांनी ज्यांनी तो राबवला त्या सगळ्यांनी आत एसक्यूलाइट हा एकच डेटाबेस बसवला होता. स्वतंत्रपणे लिहिलेली दुसरी अंमलबजावणीच नाही, या कारणाने डब्ल्यूथ्रीसीने २०१० मध्ये ते काम थांबवलं आणि पुढे क्रोमनेही ते काढून टाकलं.

म्हणून कुठल्याही तंत्राला मी एकच प्रश्न विचारतो: याचं स्पेसिफिकेशन वाचून, कोणाचीही परवानगी न घेता, दुसऱ्या कोणी हे चालवणारं इंजिन खरोखर लिहिलं आहे का? ‘लिहिता येईल’ हे उत्तर मला चालत नाही.

फ्लॅशला शिव्या घालण्यात मात्र अर्थ नाही. २००५ च्या सुमारास ब्राउझरमध्ये भरवशाने व्हिडिओ दाखवायचा तर दुसरा चांगला रस्ता नव्हता. एचटीएमएल ५ हे डब्ल्यूथ्रीसीचं अधिकृत मानक व्हायला ऑक्टोबर २०१४ उजाडलं. आणि मानकाचा शिक्का बसला म्हणजे सगळं खुलं, असंही नाही. संरक्षित व्हिडिओसाठीचं ईएमई २०१७ पासून डब्ल्यूथ्रीसीचं मानक आहे, पण व्हिडिओची कुलपं उघडणारा त्याच्या आतला भाग बंदिस्तच असतो. त्याच वादातून डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने डब्ल्यूथ्रीसीचं सदस्यत्व सोडलं.

## पायरी १: मोजदाद

आधी काय काय आहे ते कळू द्या. सर्व्हरवरच्या फोल्डरमध्ये या शेपटांच्या फाइली शोधा: एसडब्ल्यूएफ आणि एफएलव्ही (फ्लॅश), डीसीआर (शॉकवेव्ह), जार आणि क्लास (जावा), झॅप, म्हणजे xap (सिल्व्हरलाइट). मग पानांच्या एचटीएमएलमध्ये ऑब्जेक्ट, एम्बेड आणि ॲप्लेट हे टॅग शोधा. इथे एक गोची होते. पूर्वी बरीच पानं एसडब्ल्यूएफऑब्जेक्ट नावाच्या जावास्क्रिप्टने फ्लॅश पानात घालत. तिथे टॅग एचटीएमएलमध्ये लिहिलेलाच नसतो, म्हणून जावास्क्रिप्टच्या फाइलींमध्येही एसडब्ल्यूएफ हे शेपूट शोधायला विसरू नका.

फाइलीचं नाव बदललेलं असेल तर फाइलीच्या आतली पहिली तीन अक्षरं बघा. एसडब्ल्यूएफ फाइल एफडब्ल्यूएस, सीडब्ल्यूएस किंवा झेडडब्ल्यूएस यांपैकी एकाने सुरू होते. पहिली साधी, बाकी दोन दाबून लहान केलेल्या. जार आणि झॅप या मुळात झिप फाइली आहेत, नेहमीच्या झिप साधनाने उघडतात.

यादीत प्रत्येक वस्तूपुढे पुढच्या गोष्टी नोंदवा. मूळ स्रोत (फ्लॅशसाठी एफएलए फाइल, जावासाठी कोड) हाती आहे का. ती बाहेरून काय ओढून आणते: एक्सएमएल, आवाज, दुसऱ्या एसडब्ल्यूएफ. सर्व्हरला काही परत पाठवते का, उदाहरणार्थ गुण. ती कोणत्या पानावरून उघडते आणि गेल्या वर्षभरात ते पान किती जणांनी उघडलं. आणि तिचे हक्क कोणाकडे आहेत. हा शेवटचा रकाना लोक रिकामा सोडतात; बाहेरच्या संस्थेकडून करून घेतलेलं काम उघडून पुन्हा बांधायचा अधिकार करारात असेलच असं नाही.

फाइलच हरवली असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुन्या पत्त्याने शोधा. पानाबरोबर एसडब्ल्यूएफही जपली गेली असण्याची बऱ्यापैकी शक्यता असते.

फ्लॅशच्या बाबतीत आणखी एक नोंद कळीची: ॲक्शनस्क्रिप्टची, म्हणजे फ्लॅशच्या प्रोग्रामिंग भाषेची, आवृत्ती. जेपीईएक्सएस फ्री फ्लॅश डीकंपायलर हे मुक्त साधन उतरवून घ्या, फाइल त्यात उघडा. आतली स्क्रिप्ट १ किंवा २ आहे की ३, ते लगेच कळतं. पुढचा रस्ता बराचसा यावरच ठरतो.

## पायरी २: प्रत्येक वस्तूचा निकाल लावा

चार वाटा आहेत: काढून टाकणं, व्हिडिओ करणं, एम्युलेटरमध्ये (जुन्या प्लेअरची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) चालवणं, नव्याने बांधणं.

काढून टाकायला कोणी तयार नसतं, पण मोजदादीतला ‘किती जणांनी उघडलं’ हा आकडा बघा. वर्षभरात कोणी फिरकलंच नसेल तर मूळ फाइल जपून ठेवा आणि पान साध्या मजकुरावर आणा.

व्हिडिओची वाट लोक विसरतात. ‘इंटरॲक्टिव्ह’ म्हणून नावाजलेल्या कित्येक धड्यांत वापरणाऱ्याने करायचं काम एवढंच असतं की ‘पुढे’ दाबायचं. अशा धड्याचं रेकॉर्डिंग करा, व्हिडिओ टॅगमध्ये टाका, वेबव्हीटीटी स्वरूपात उपशीर्षकं जोडा. काम संपलं, आणि ते फोनवरही चालेल.

उरलेल्यांत खरी निवड एम्युलेटर की नवी बांधणी, ही. रोज वापरात असलेलं, पुढेही बदलत राहणारं, परीक्षेचे गुण पाठवणारं काम नव्याने बांधा. जसंच्या तसं जपण्यात ज्याचं मोल आहे, म्हणजे जुने खेळ, कलाकृती, ॲनिमेशनपट, ते एम्युलेटरमध्ये ठेवा. एकाच संग्रहात दोन्ही वाटा चालतात. कोलोरॅडो बोल्डर विद्यापीठाच्या फेट प्रकल्पाची विज्ञान सिम्युलेशन्स आधी जावा आणि फ्लॅशमध्ये होती. महत्त्वाची त्यांनी एचटीएमएल ५ मध्ये नव्याने लिहिली, आणि जावातली जुनी काही चीअरपीजे या साधनाच्या आधाराने ब्राउझरमध्ये चालती ठेवली.

## पायरी ३: एम्युलेटरची वाट

फ्लॅशसाठी आज पहिलं नाव रफल. रस्ट भाषेत लिहिलेला हा मुक्त स्रोत प्लेअर वेबअसेम्ब्लीच्या (इतर भाषांतला कोड ब्राउझरमध्ये चालवण्याच्या स्वरूपाच्या) रूपात ब्राउझरच्या आतच चालतो, म्हणजे ब्राउझरच्या सुरक्षिततेच्या चौकटीत राहतो. इंटरनेट अर्काइव्हने नोव्हेंबर २०२० मध्ये त्याच्याच जोरावर जुने फ्लॅश खेळ चालते केले.

बसवणं सोपं आहे. रफलच्या संकेतस्थळावरून स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्याची आवृत्ती उतरवा, फोल्डर सर्व्हरवर टाका आणि पानाच्या वरच्या भागात त्याची जावास्क्रिप्ट जोडणारी एक ओळ लिहा. पानावरचे फ्लॅशचे ऑब्जेक्ट आणि एम्बेड टॅग तो आपणहून ओळखून ताब्यात घेतो. चालत नसेल तर क्रमाने तीन गोष्टी तपासा. सर्व्हर वेबअसेम्ब्लीच्या फाइली योग्य माइम प्रकाराने (फाइल कशाची आहे ते सांगणाऱ्या खुणेने) पाठवतो का. पानाची कंटेंट सिक्युरिटी पॉलिसी (पानावर काय चालू द्यायचं याचे नियम) वेबअसेम्ब्लीला मज्जाव करते का. आणि फ्लॅश दुसऱ्या डोमेनवरून काही ओढत असेल तर तिकडून सीओआरएसची, म्हणजे आपल्या फाइली दुसऱ्या डोमेनवरच्या पानाला वाचू देण्याची, परवानगी आहे का. त्यासाठीची फ्लॅशची जुनी क्रॉसडोमेन एक्सएमएल फाइल इथे कामाला येत नाही, कारण आता नियम ब्राउझरचे आहेत. आणखी एक: पान थेट फोल्डरमधून डबल क्लिक करून उघडलंत तर बहुधा अडेल, छोटा स्थानिक सर्व्हर चालवून तपासा.

ॲक्शनस्क्रिप्ट १ आणि २ मधली कामं रफलवर बहुतेक बिनबोभाट चालतात. ३ मध्ये अजून कच्चे दुवे आहेत, तेव्हा पहिला पडदा दिसला म्हणून खूश होऊ नका. शेवटच्या पडद्यापर्यंत प्रत्येक बटण दाबून बघा.

जावा ॲप्लेटसाठी चीअरपीजे आहे. ते एका कंपनीचं उत्पादन असल्याने परवान्याच्या अटी आधी वाचा. सिल्व्हरलाइटसाठी ओपनसिल्व्हर हा मुक्त स्रोत प्रकल्प आहे, पण त्याला मूळ कोड लागतो. नुसत्या झॅप फाइलीवर भागत नाही.

संस्थेच्या अंतर्गत कामाचं एखादं ॲक्टिव्हएक्स पान उद्या सकाळीच चालायला हवं असेल, तर मायक्रोसॉफ्ट एजमधला आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोड आहे. तो निदान २०२९ पर्यंत ठेवू असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. ही मलमपट्टी आहे. ती लावतानाच ती कधी काढायची ती तारीख आणि काढणाऱ्याचं नाव लिहून ठेवा.

## पायरी ४: नव्याने बांधताना साहित्य निवडा

इथे माझा नियम साधा आहे: जितकं कमी ताकदीचं साधन पुरेल तितकं बरं. लोक उलट करतात. फ्लॅशच्या जागी लगेच कॅनव्हास घेतात, कारण तोही एक रिकामा चौकोन असतो आणि ओळखीचा वाटतो. पण मग जुन्या चौकोनाचे निम्मे दुर्गुणही त्याच्याबरोबर येतात. कॅनव्हासमध्ये रंगवलेला मजकूर हा ब्राउझरच्या लेखी नुसते ठिपके असतात. निवडता येत नाही, शोधता येत नाही, स्क्रीन रीडरला ऐकवता येत नाही.

म्हणून प्रश्नमंजूषा, फॉर्म, जोड्या लावा, उघडझाप होणारी माहिती हे सगळं साध्या एचटीएमएलमध्ये करा. बटण हवं तर बटणाचाच टॅग वापरा, म्हणजे कीबोर्डवरून चालणं फुकट मिळतं. हालचाल सीएसएसने द्या.

आकृत्या, नकाशे, भागांवर क्लिक करून माहिती दाखवणारी चित्रं यांना एसव्हीजी घ्या. हे मानक २००१ पासून आहे आणि फ्लॅशच्या रेखाचित्रांशी त्याचं नातं जवळचं आहे: दोन्हीकडे आकार रेषा आणि वळणांनी सांगितलेले असतात. एसव्हीजीतला प्रत्येक भाग पानाचाच घटक असतो, त्याला शीर्षक आणि वर्णन जोडता येतं, कितीही मोठा केला तरी फाटत नाही.

शेकडो हलत्या वस्तू, खेळ, कणांचं सिम्युलेशन असेल तेव्हा कॅनव्हास. त्रिमितीला वेबजीएल, २०११ पासून उपलब्ध असल्याने त्याचा भरवसा आहे. वेबजीपीयू नवं आणि वेगवान आहे, पण ते घेतलंत तर न चालणाऱ्या यंत्रांसाठी वेबजीएलची पर्यायी वाट ठेवा. सी किंवा सी++ मधलं जुनं गणनेचं इंजिन हाती असेल तर ते वेबअसेम्ब्लीत आणा. डिसेंबर २०१९ पासून तेही डब्ल्यूथ्रीसीचं मानक आहे. बटणं आणि मजकूर मात्र त्यात कोंबू नका, ते एचटीएमएलमध्येच राहू द्या.

फ्लॅशच्या बाकी सोयींना आज सरळ जोड्या आहेत. शेअर्ड ऑब्जेक्टमध्ये साठवलेली प्रगती लोकल स्टोरेजमध्ये किंवा, माहिती मोठी असेल तर, इंडेक्स्ड डीबीत जाते. सॉकेटच्या जागी वेबसॉकेट, कॅमेरा आणि माइकला गेट यूजर मीडिया, आवाजाच्या करामतींना वेब ऑडिओ. ‘हे ब्राउझरमध्ये होतच नाही’ असं ऐकू आलं तर माहिती जुनी असण्याची शक्यता जास्त.

एफएलए फाइल असेल तर ॲडोबी ॲनिमेट ती एचटीएमएल ५ कॅनव्हासमध्ये उतरवून देतं. चित्रं आणि टाइमलाइन येतात, ॲक्शनस्क्रिप्ट मात्र येत नाही. ती जावास्क्रिप्टमध्ये हाताने लिहावी लागते.

## पायरी ५: जुन्यातून माल काढा

स्रोत हरवला असेल तर मघाचं जेपीईएक्सएस पुन्हा उघडा. आकार एसव्हीजी म्हणून, चित्रं आणि आवाज त्यांच्या मूळ स्वरूपात, स्क्रिप्ट मजकूर म्हणून बाहेर काढता येते. स्क्रिप्ट जशीच्या तशी वापरण्यासाठी नव्हे, नियम समजून घेण्यासाठी वाचा: गुण कसे मोजले, कोणत्या क्षणी काय उघडलं. एसडब्ल्यूएफच्या आत मापं ट्विप्समध्ये असतात, म्हणजे पिक्सेलचा विसावा भाग. एखादा आकडा वीसपट मोठा दिसला तर दचकू नका.

देवनागरी मजकुराचं दुखणं वेगळंच आहे. २००८ च्या फ्लॅश प्लेअर १० च्या आधी फ्लॅशमध्ये जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट मांडण्याची भरवशाची सोय नव्हती. त्यामुळे त्या काळातला मजकूर युनिकोडमध्ये नसून जुन्या फॉन्टच्या संकेतांत असू शकतो, किंवा सरळ रेषाकृती करून टाकलेला. पहिल्या प्रकारात काढलेली अक्षरं अगम्य रोमन चिन्हांसारखी दिसतात. तो फॉन्ट ओळखून त्याचा युनिकोड परिवर्तक वापरा आणि नंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि अर्धी अक्षरं डोळ्यांनी तपासा. परिवर्तक हमखास तिथेच अडखळतात. दुसऱ्या प्रकारात मजकूर पुन्हा टंकित करण्याला पर्याय नाही. फाइलीत गुंफलेला फॉन्टही काढून वापरू नका: त्यात बहुधा वापरलेली तेवढीच अक्षरं असतात, आणि परवान्याचा प्रश्न उरतोच.

## पायरी ६: सगळं झाल्यासारखं वाटतं तेव्हा

वेळ. फ्लॅश ठरलेल्या फ्रेम दराने पळायचं, जुन्या कामांत बऱ्याचदा सेकंदाला १२. ब्राउझरचं रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम पडद्याच्या गतीने पळतं: कुठे ६०, कुठे १२०. दर फ्रेमला ‘५ पिक्सेल पुढे’ असं लिहिलंत तर एका यंत्रावर चेंडू दुप्पट धावेल. फंक्शनला मिळणारा वेळ वापरा आणि गेलेल्या मिलिसेकंदांवरून जागा काढा. सिम्युलेशनमध्ये ही चूक निव्वळ दिसण्याची राहत नाही, उत्तरच चुकतं.

आवाज. वापरणाऱ्याने कुठेतरी टिचकी मारेपर्यंत ब्राउझर आवाज अडवतात. सुरुवातीला ‘सुरू करा’ असं बटण ठेवा आणि ऑडिओ त्या क्लिकच्या आतच जागा करा.

बोट. जुनी कामं माउस वर नेल्यावर उलगडणाऱ्या गोष्टींनी भरलेली असतात. बोटाला ‘वर नेणं’ माहीत नसतं. असं सगळं क्लिकवर आणा आणि माउसच्या घटनांऐवजी पॉइंटर इव्हेंट वापरा, म्हणजे माउस, बोट, पेन एकाच कोडमध्ये येतील.

कॅनव्हास धूसर दिसत असेल तर डिव्हाइस पिक्सेल रेशोने त्याची आतली रुंदी-उंची गुणा.

शेवटी माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांनी पूर्ण काम करून बघा. ओढून टाकण्याच्या प्रत्येक कृतीला कळांचा पर्याय हवा. हालचालीचा त्रास होणाऱ्यांसाठी ‘कमी हालचाल’ ही पसंती सीएसएसमधून वाचता येते. ती चालू असेल तर ॲनिमेशन थांबवा.

तपासणी ब्लिंक, गेको आणि वेबकिट या तिन्ही इंजिनांवर करा, म्हणजे क्रोम किंवा एज, फायरफॉक्स आणि सफारी. क्रोम, एज, ऑपेरा अशा तिघांवर बघितलंत तर ते एकच इंजिन तीनदा बघितल्यासारखं आहे.

## पायरी ७: नव्या पिंजऱ्यापासून सावध

प्लगइन गेली, सवय गेली नाही. एकाच ब्राउझरमध्ये चालणारी सोय वापरणं हे प्लगइनचंच दुसरं रूप आहे. सी++ सारख्या भाषांतला कोड ब्राउझरमध्ये चालवणारं गूगलचं नेटिव्ह क्लायंट फक्त क्रोममध्ये चाललं आणि वेबअसेम्ब्ली आल्यावर गूगलनेच ते मोडीत काढलं. एखादी सोय वापरण्याआधी तिची ‘बेसलाइन’ची खूण बघा; ती सोय प्रमुख ब्राउझरांत कितपत पोचली आहे ते ही खूण सांगते. ‘वाइडली अव्हेलेबल’ असेल तर ती प्रमुख ब्राउझरांच्या सगळ्या संचात येऊन किमान ३० महिने झालेले असतात.

धडे तयार करायची ऑनलाइन साधनं घेताना तर विक्रेत्याला आधी विचारा: माझा धडा झिप करून बाहेर काढता येतो का, आणि तुमचा सर्व्हर बंद असताना तो माझ्या सर्व्हरवर चालतो का? पैसे देण्यापूर्वीच एक नमुना काढून, इंटरनेट तोडून, चालवून बघा. एचफाइव्हपीसारखी मुक्त स्रोत साधनं मला म्हणूनच बरी वाटतात. फाइल तुमच्याकडे राहते.

## पायरी ८: जुने पत्ते आणि मूळ फाइली

नवं पान शक्यतो जुन्याच पत्त्यावर ठेवा. ते जमत नसेल तर कायमस्वरूपी रीडायरेक्ट लावा, नाहीतर पुस्तकांत, टिपणांत, दुसऱ्यांच्या पानांवर गेलेले दुवे मरतात. ‘फ्लॅश प्लेअर येथून उतरवा’ असं सांगणारी जुनी सूचना प्रत्येक पानावरून काढा; त्या शब्दांच्या आडून मालवेअर पसरवणारे आजही आहेत.

मूळ एसडब्ल्यूएफ, जार, एफएलए, त्यांच्या शेजारच्या एक्सएमएल आणि आवाजाच्या फाइली यांना हात न लावता एका फोल्डरमध्ये बांधा. सोबत साध्या मजकुराच्या फाइलीत लिहा: कोणत्या वर्षाचं काम, कोणत्या आवृत्तीत बनलं, हक्क कोणाचे, नव्या आवृत्तीत काय गाळलं. चालत असतानाचं पूर्ण रेकॉर्डिंगही त्यात टाका. आज ॲक्शनस्क्रिप्ट ३ चं जे काम रफलवर अडतंय, ते त्याच्या पुढच्या आवृत्तीत पुन्हा लावून बघता येईल.